चकलांब्याला अकरा मिनिटं उशीर

नाशकात परत येऊन आठ दिवस झाले. भेटेल तो विचारतो, "काय, पोचली का गाडी बीडला?" मी पोचलो का, हे कुणी विचारत नाही. गाडी पोचली. कशी पोचली ते मात्र जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. शिवाय मी सांगायला लागलो की माझी बायको मंजू मधेच दुरुस्त्या करते. म्हणून ती माहेरून आणलेली तूर निवडत बसली आहे तोवर लिहून काढतो.

आमची गाडी म्हणजे पद्मिनी. वडिलांनी घेतलेली, माझ्याहून वयाने थोडीच लहान आणि तब्येतीने बरीच बरी. गिअर स्टिअरिंगला, चोक ओढायला बटण आणि हॉर्न असा की गायीसुद्धा नातेवाईक समजून मागे वळून बघतात. वडील गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक. मी विकली नाही. गाडीतलं मला फार कळतं, असं नाशकातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका माणसाचं मत आहे. तो माणूस मी.

गेवराई, शनिवार संध्याकाळ

नाशिक ते गेवराई या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं इतकंच, की पोचल्यावर मी गाडीतून उतरलो तेव्हा बसलेल्याच आकारात उतरलो.

माझे सासरे निवृत्त शिक्षक. अख्खा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो, मी मामा म्हणतो. चकलांब्याच्या शाळेत त्यांनी आयुष्याची मधली सगळी वर्षं काढली, विज्ञान आणि गणित शिकवत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, मनगटावर किल्लीचं घड्याळ आणि स्वभाव असा की लग्नाची पत्रिका आली तरी आधी लाल पेनाने शुद्धलेखन तपासणार आणि मग कुणाचं लग्न आहे ते बघणार. चुकीला माफी नाही. अपवाद एकच, मी.

आमच्या नाशकात जावई आला तर त्याला म्हणतात, "बरं झालं आलात, जरा तो सिलिंडर आत घ्या." इकडे तसं नाही. इकडे जावई म्हणजे देवळातला नंदी. हात जोडायचे, पाया पडायचं, खायला घालायचं आणि तो चुकीच्या दिशेला तोंड करून बसला तरी त्याला वळवायचं नाही. चोवीस वर्षांत मामांनी माझं एकही वाक्य खोडलेलं नाही. एकदा भर रस्त्यात मी बाजरीच्या शेताकडे बोट दाखवून म्हणालो होतो, "यंदा ज्वारी छान आहे." मामांनी शेताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसंही असेल."

हे "तसंही असेल" मी चोवीस वर्षं होकार म्हणून ऐकत आलो होतो.

त्या रात्री मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा वाढला. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. पाहुणा अचानक आला तरी पाण्यात कालवून, फोडणी देऊन पाच मिनिटांत आमटी तयार. आमच्याकडे पाहुणा अचानक आला की पाच मिनिटांत फक्त चर्चा होते. मी चौथी भाकरी नको म्हणालो. पाचवी विचारलीच नाही, वाढली.

जेवताना उद्याचा विषय निघाला. मंजू ज्या शाळेत शिकली त्याच चकलांब्याच्या शाळेतल्या एका जुन्या वर्गाचा मेळावा होता. वर्गातली सगळी मुलं आता पन्नाशी ओलांडलेली. त्यांनी गुरुजींना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. वेळ सकाळी दहा.

"न्यायला जीप पाठवत होते," मामी म्हणाल्या. "पण ह्यांनी सांगितलं, जावईबापू स्वतःच्या गाडीतून आणणार आहेत."

"दहा म्हणजे दहा," मंजू मला म्हणाली. "बाबा दहाच्या ठोक्याला शाळेचं फाटक लावायचे. उशिरा आलेल्याने बाहेर कडुलिंबाखाली उभं राहायचं, प्रार्थना आणि प्रतिज्ञा संपेपर्यंत. मी पण उभी राहिलेय. स्वतःची मुलगी! सोबत निघालो होतो, मी डबा विसरले म्हणून परत गेले, तर येईपर्यंत फाटक बंद."

"डबा विसरला होता," मामा शांतपणे म्हणाले.

"त्या पोरांनी पैज लावलीय म्हणे," मामी हसून म्हणाल्या. "गुरुजी आजवर कधी उशिरा आले नाहीत, उद्या येतात का बघू."

मामा हसले नाहीत. त्यांनी घड्याळाला किल्ली दिली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत हा माणूस एकदाही उशिरा पोचला नव्हता आणि उद्या तो माझ्या गाडीत बसणार होता. मी म्हणालो, "मामा, नऊला पोचवतो तुम्हाला."

"तसंही असेल," मामा म्हणाले.

रविवार, सकाळी आठ

गावाबाहेरच्या एका पंपावर पेट्रोल घेतलं. हवेत गारवा होता, पंपावरचा माणूस कानाला मफलर गुंडाळून होता. मी म्हणालो, "फुल कर." त्याचा नळ आपोआप थांबला, तरी मी म्हणालो, "अजून बसतं." बसलं. इतकं बसलं की झाकण लावताना पेट्रोल काठावरून डोकावत होतं.

पंपाच्या फाटकात गतिरोधक होता. तो ओलांडताना मागून "चळक" असा आवाज आला आणि गाडीत वास पसरला. मंजूने नाकाला पदर लावला. मेळाव्यासाठी ती खास पैठणी नेसली होती.

"माझ्या पैठणीला घासलेटासारखा वास येतोय."

"पेट्रोल आहे ते."

"मग तर बरंच झालं," ती म्हणाली. "आता काहीतरी करा."

मी केलं. मामींनी धपाटे ज्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत दिले होते ती रिकामी केली, चार घड्या घातल्या, टाकीच्या तोंडावर ताणून बसवली आणि वरून झाकण घट्ट पिळलं. हलवून पाहिलं. थेंब नाही, वास नाही. मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. गाडीत बसताना मी मामांना सांगितलं, "एकदम हवाबंद केलंय."

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काहीतरी विचारणार होते असं वाटलं. पण म्हणाले, "तसंही असेल."

गेवराईहून चकलांब्याकडे निघालं की आधी उसाची आणि कापसाची शेतं लागतात. वेचून झालेल्या पऱ्हाटीवर चुकार कापूस राहिलेला, तुरीच्या शेंगा वाळायला आलेल्या. पुढे पुढे पाणी कमी होत जातं, बाभळी वाढतात आणि ज्वारी गुडघ्याला लागते. (ज्वारीच होती. मंजूला विचारून घेतलं.) मामा पुढच्या सीटवर, मांडीवर शाल आणि भाषणाचा कागद. भाषणाचा विषय "वेळेचं महत्त्व". सगळं छान चाललं होतं आणि आठ किलोमीटरवर पद्मिनीला उचकी लागली.

एक उचकी, दोन उचक्या, मग धक्के आणि मग शांतता. गाडी रस्त्याच्या कडेला लागली. पऱ्हाटीत वाऱ्याचा आवाज येत होता, इतकी शांतता.

"पेट्रोलात पाणी," मी जाहीर केलं. पेट्रोल भरल्या भरल्या गाडी बंद पडली, मग दुसरं काय असणार? सरळ हिशेब होता. पंपावर परत जाऊन भांडण्याची वाक्यंसुद्धा मनात तयार झाली.

बॉनेट उघडून मी आत पाहू लागलो. इंजिनकडे पाहताना कपाळावर आठ्या घातल्या की बघणाऱ्याला धीर येतो, हे मी वडिलांकडून शिकलोय. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबली.

"काय झालं बे?" दूधवाला म्हणाला आणि मग त्याला पुढच्या सीटवर मामा दिसले. त्याने झटकन गाडी स्टँडला लावली, चप्पल काढली. "गुरुजी! तुमी? म्या आपलं… कुनी दुसरं हाय वाटलं."

"चप्पल घाल, काटे आहेत," मामा म्हणाले.

दूधवाल्याने इंजिनात डोकावून निदान केलं. "इंजनातला पंप तापलाय. वल्लं फडकं टाका त्याच्यावर. आमच्या दाजीच्या गाडीला उन्हाळ्यात आसंच व्हायचं."

"पण आता थंडी आहे."

"तरी बी टाका की. फडक्याला काय कळतंय?"

फडकं टाकण्याआधी मी पेट्रोल तपासायचं ठरवलं. मागे जाऊन टाकीचं झाकण उघडलं. "फुस्स" आवाज झाला. मी म्हणालो, "बघा, गॅस धरलाय पेट्रोलने." पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नळीने थोडं पेट्रोल काढलं आणि उन्हात धरून बसलो. पाणी जड, असेल तर तळाशी बसतं. पाच मिनिटं झाली, तळाशी काहीच बसेना. तरी मी बाटली पुरावा म्हणून डिकीत ठेवली. पिशवी परत ताणून बसवली, झाकण पिळलं. फडकं ओलं करून पंपावर टाकलं आणि किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू!

"म्हणलो नव्हतो?" दूधवाला म्हणाला आणि मामांच्या पाया पडून निघून गेला. फडक्यावर माझा विश्वास बसला. मामा मात्र मागे वळून टाकीच्या दिशेने पाहत होते.

एका फाट्यावर, सव्वानऊ

पुढे सात किलोमीटर पुन्हा राजेशाही थाट. मी मंजूला जुन्या गाड्यांचे स्वभाव समजावून सांगत होतो. तोच उचकी, धक्के, शांतता. नशीब इतकंच की समोर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. फिटर खाटेवर बसून चहात पाव बुडवत होता. त्याने पाव पुरा खाल्ला, हात पुसले, मग आला.

"कधीपासून?"

"पेट्रोल भरल्यापासून."

"मंग बराबर हाय. आजकाल पेट्रोलात उसाचं बी काय काय मिसळतेत. जुन्या गाडीला न्हाई सोसत."

"म्हणजे हिला ऊस चढला?" मंजूने विचारलं.

"तसंच समजा ताई."

तरी तो माणूस कामाचा होता. प्लग काढून ठिणगी पाहिली, चांगली निळी होती. मग कार्बोरेटर उघडला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. आत पेट्रोलच नव्हतं, कोरडा ठणठणीत. टाकी काठोकाठ, इंजिन उपाशी. "मधे नळीत कचरा आडकलाय," तो म्हणाला. "टाकीचं झाकण काढा, फुंकर मारतो."

मी झाकण काढलं. पुन्हा "फुस्स". फिटरने पिशवी पाहिली. "हे काय हाय?"

"मी बसवलंय. वास येऊ नये म्हणून."

फिटरने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच मामांकडे. "पाव्हणे कोन, गुरुजी?"

"आमचे जावई."

"मंग ठीक हाय," फिटर म्हणाला आणि नळीला तोंड लावून अशी फुंकर मारली की टाकीत बुडबुडे वाजले. कचरा काही निघाला नाही. पण गाडी सुरू झाली. तो पैसे घेईना. "गुरुजींनी मला बाहीर उभा केलता, लई येळा," तो अभिमानाने म्हणाला, जणू तीच त्याची आगाऊ मजुरी होती.

मी पिशवी पुन्हा बसवायला घेतली. मामा जवळ येऊन उभे राहिले.

"पिशवी पुन्हा लावताय का?"

"हो तर! मंजूच्या पैठणीचा प्रश्न आहे."

मामांनी घड्याळ पाहिलं. नऊ पस्तीस. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि गाडीत जाऊन बसले.

आप्पांचं दुकान, दहाला बारा कमी

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा चकलांबा चार-पाच किलोमीटरवर होतं. एका वस्तीत, रस्त्याला लागून असलेल्या किराणा दुकानासमोर. मंजू काही बोलली नाही. चोवीस वर्षांच्या संसारात ती जेव्हा बोलत नाही, तेव्हाच मला भीती वाटते.

मामांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "पायी निघालो तर एक तास," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हतं. घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवत होते. दहाच्या ठोक्याला फाटक लावणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याला तिथे मी आणून उभं केलं होतं. त्या क्षणी मला ती पद्मिनी खरंच विकून टाकावीशी वाटली.

दुकानात पांढऱ्या शर्टातले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले, गोल पोटाचे एक गृहस्थ घाईघाईने गिऱ्हाइकाला साखर तोलून देत होते. त्यांनी रस्त्यावर पाहिलं आणि तराजू तसाच ठेवून तांदळाच्या पोत्यांमागे बसले. बसले म्हणजे लपले. पोट मात्र मावलं नाही.

"शिवलिंग," मामा रस्त्यावरूनच म्हणाले. "दिसतोयस."

पोत्यांमागून पंचावन्न वर्षांचा माणूस उठून उभा राहिला. "निघालोच होतो गुरुजी. शप्पत. गिऱ्हाईक आलं म्हणून जरा उशीर… " आणि मग त्याला काहीतरी सुचलं. "पर गुरुजी, दहा वाजत आले. तुमी बी हितंच की!"

हे शिवलिंगआप्पा. त्याच वर्गातले, त्याच मेळाव्याला निघालेले. मंजूने सांगितलं की शाळेत बाहेर उभं राहण्याचा मानच त्यांचा होता. लिंबाखालच्या दगडाला पोरं "आप्पाचा पाट" म्हणायची.

आप्पांनी आम्हाला पाणी दिलं, माझ्यासाठी खुर्ची फडक्याने पुसली ("जावईबापू, बसा की") आणि विचारलं, "इंजनातलं मला काय बी कळत न्हाई. पर झालं काय?"

मी सगळं सांगितलं. पाण्याची शंका, दूधवाल्याचं फडकं, फिटरची फुंकर, ऊस.

"फडक्यानं बी चालू झाली, फुंकरीनं बी चालू झाली," आप्पा पुटपुटले. "आन् दोन्ही बारीला टाकीचं झाकन उघडलं होतं?"

"हो. का?"

आप्पा गाडीमागे गेले, वाकून पाहिलं. झाकणाच्या कडेने माझ्या पिशवीची झालर बाहेर आली होती. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहून फार आदराने हसले.

"पिशवी जावईबापूंनी लावली का?"

"हो."

"छान लावली," आप्पा म्हणाले. "जावईबापू, जरा दुकानात येता का? एक गंमत दावतो."

मला कळेना. दहाला सात मिनिटं कमी असताना हा माणूस गंमत दाखवतोय. आप्पांनी गोडेतेलाचा पंधरा किलोचा नवा डबा पुढे ओढला, खिळा ठेवला आणि हातोडीच्या एका टोल्यात कोपऱ्यात भोक पाडलं. डबा उचलून पातेल्यावर तिरका धरला. तेल आलं, "बुडूक" म्हणालं, थांबलं. पुन्हा "बुडूक". मग थेंब थेंब. मग तेही नाही.

"डबा भरल्याला हाय का न्हाई?"

"आहे."

"भोक हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग तेल कावून येईना?"

आप्पांनी दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठेवला, टोला हाणला. डबा पुन्हा तिरका केला आणि तेलाची सोनेरी, अखंड, जाड धार पातेल्यात पडायला लागली.

साखर घ्यायला आलेली बाई छताकडे बघू लागली. मंजू रस्त्याकडे बघू लागली. मी तेलाच्या धारेकडे पाहत होतो आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम होत होत्या.

वडिलांनी मला दाखवलं होतं, झाकणाला एक बारीक भोक असतं म्हणून. पेट्रोल जसजसं इंजिनाकडे जातं, तसतशी त्या भोकातून टाकीत हवा शिरते. मी ते भोक धपाट्यांच्या पिशवीने बंद केलं होतं. तेही टाकी काठोकाठ भरून, म्हणजे आत आधीच हवेला जागा नाही. सात-आठ किलोमीटर गाडी चालायची, मग टाकी आतून ओढून धरायची आणि इंजिन उपाशी मरायचं. प्रत्येक वेळी कुणीतरी झाकण उघडायचं, "फुस्स" करून हवा आत जायची आणि श्रेय कधी फडक्याला, कधी फुंकरीला. आणि मी? मी प्रत्येक वेळी पिशवी पुन्हा बसवायचो. काळजीपूर्वक, ताणून.

मी गाडीकडे गेलो आणि झाकण पिळलं. "फुस्स". आता तो आवाज मला शिवीसारखा ऐकू आला. पिशवी टाकीच्या नरड्यात वाटीएवढी खोल ओढली गेली होती. बोट घालून काढावी लागली.

"मी काय पिशवीला नाव ठेवलं न्हाई हां," आप्पा घाईने म्हणाले. "मी आपला डबा दावला."

"हवेचा दाब," मामा म्हणाले. डब्याजवळ उभे होते, डोळे चमकत होते. "सातवीत शिकवला होता मी तुम्हाला. पेल्यावर पुठ्ठा ठेवून."

"शिकवला आसंल गुरुजी. मी बाहीर होतो."

"त्या दिवशीही?"

"रोजच की. बापाच्या हातात जोर न्हवता. दुकान उघडायचं, डबे फोडायचे, तेल भांड्यात वतायचं, मंग शाळा. डबा फोडून धार धरायची म्हंजी घाई करून भागत न्हाई."

मामांनी डब्यावरची नजर आप्पांकडे वळवली. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कधी ईचारलं न्हाई," आप्पा म्हणाले. अगदी सहज, दुकानाचं शटर ओढता ओढता. "चला गुरुजी. उशीर झालाय, पर मला सवय हाय."

चकलांबा, दहा वाजून अकरा मिनिटं

पद्मिनी एक उचकी न देता पोचली. वास येत होता. पैठणीचं नाव कुणी काढलं नाही.

शाळेचं फाटक बंद होतं. आत पन्नाशीतली मुलं आणि मुली रांगेत उभी राहून प्रार्थना म्हणत होती. नंतर कळलं, गुरुजींसाठी थांबायचं की नाही यावर आत चांगलंच भांडण झालं होतं. शेवटी एक जण म्हणाला, थांबलो आणि त्यांना कळलं तर? मग दहाच्या ठोक्याला फाटक लावलं.

आमची गाडी पाहून एक टकलू मुलगा फाटकाकडे धावत आला. मामांनी तळहात वर केला. "प्रार्थना होऊ दे."

आप्पा डावीकडे लिंबाखाली गेले आणि आपल्या दगडाशेजारी सरळ उभे राहिले. पायांना वाट माहीत होती. त्यांच्यामागे मामा गेले. मंजू गेली, पैठणी सावरत. मग मी. असे आम्ही चौघे रांगेत.

"इथून आतलं ऐकू यायचं का रे?" मामांनी हळू विचारलं.

"सगळं गुरुजी. पाढे समदे हितंच पाठ झाले. फकस्त फळा दिसायचा न्हाई."

मामांनी मान हलवली. उन्हाचा एक कवडसा त्यांच्या घड्याळावर पडला होता. ते तिकडे बघत नव्हते. मंजूने त्यांच्याकडे वाकून विचारलं, "बाबा, खरं सांगा. तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"पहिल्यांदा शंका आली. दुसऱ्यांदा खात्री."

"दुसऱ्यांदा?" मी ओरडलोच. "मामा, मग वेळेवर पोचलो असतो! बोलला का नाहीत?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं. "जावयाला कसं बोलायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस उशिरा आला होता. त्याच्या खिशात वेळेच्या महत्त्वावरचं भाषण होतं. आणि हे सगळं का, तर माझ्या पिशवीला चूक म्हणावं लागू नये म्हणून. चोवीस वर्षांतली सगळी "तसंही असेल" एकदम माझ्या अंगावर आली. ती बाजरी सर्वांत आधी.

"मामा," मी म्हणालो, "मी चुकलो. तुम्ही ह्या सगळ्यांना रागावलात. मंजूला रागावलात. मला एकदा तरी रागवा."

"भलतंच काय."

"रागवा ना बाबा," मंजू म्हणाली. "मी रोज रागावते, काही होत नाही त्यांना."

आत प्रतिज्ञा सुरू झाली होती. मामांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "ईचारा तरी गुरुजी. आसं का केलं म्हणून."

मामांनी घसा साफ केला. चष्मा नीट केला. मग वळले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांची पाठ आणखी ताठ झाली.

"अरे गाढवा!"

लिंबावरचे कावळे उडाले.

"शिकलेला माणूस ना तू? टाकीच्या तोंडाला पिशवी बांधतोस? एकदा नाही, तीनदा! टाकीला श्वास नको घ्यायला? आणि गाडी बंद पडली की पेट्रोलवाल्याच्या नावाने बाटल्या भरतोस! आधी आपण काय केलं ते बघावं, मग दुसऱ्याचं! कान धर!"

मी कान धरले. शेजारी आप्पांनीही धरले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आतली प्रतिज्ञा मधेच थांबली होती. फाटकाच्या गजांमधून दिसलं की आतली चाळीस-पन्नास माणसं, टकलू, पांढऱ्या केसांची, चष्म्यांची, एकदम ताठ उभी राहिली होती. हात मांडीला चिकटलेले. आणि त्या शांततेत कुणाच्या तरी हातातल्या मोबाइलमधून आवाज आला. वर्गातले शिरूर कासारकडचे तिघे ऊसतोडीला गेलेले होते, ते फडात उभे राहून व्हिडिओवर हजर होते. त्यांना काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं.

"आले!" ते तिकडून ओरडले. "आले बे, गुरुजी आले! आमी टायमावर हावोत, गुरुजी!"

फाटक उघडलं. आत इतकं हसू फुटलं की पुढे प्रतिज्ञा कुणी म्हटली की नाही, आठवत नाही. मामांनी ते भाषण वाचलं नाही. त्यांनी एक पेला मागवला, पाण्याने भरला, पुठ्ठा ठेवून उलटा धरला आणि आप्पांना पुढे बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. फळ्यासमोर.

नाशिक

आता पद्मिनीत पेट्रोलचा वास येतो. मंजू नाकाला रुमाल लावते आणि मी काच खाली करतो. ती बाटली अजून डिकीत आहे, तिच्या तळाशी अजूनही काही बसलेलं नाही.

काल मामांचा फोन आला होता. गाडी कशी आहे, मामींनी दिलेलं येसर संपलं का, असं सगळं झालं. बोलता बोलता मी म्हणालो, "मामा, यंदा नाशकात थंडीच नाही. तुमच्या बीडकडेच खरी थंडी."

माझ्या सवयीने मी त्या दोन शब्दांची वाट पाहिली.

"काहीतरीच काय बोलतोस," मामा म्हणाले. "पेपर वाचत जा जरा."